बीए सेट पाठीला असताना बसायचं कसं: बंबाच्या मागच्या ओळीचं एक प्रकरण

सहा जणांची केबिन असलेला, अग्निशमन दलाचा पाण्याचा बंब. पुढे चालक आणि पथकप्रमुख, मागे एका ओळीत पुढे तोंड करून चार आसनं. चारही आसनांच्या पाठीत बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि मुखवटा, अडकवायचा ब्रॅकेट. जवानाने बसायचं, सेटच्या खांदापट्ट्यांत हात घालायचे आणि घटनास्थळी सेट पाठीला घेऊनच उठायचं, अशी योजना. गाडी जुनी नाही, आसनं फाटलेली नाहीत. तरी या ओळीबद्दल चार तक्रारी पुन्हापुन्हा येत होत्या. कंबर आणि माकडहाड दुखतं. सीटबेल्ट पुरत नाही, पुरला तर बकल सापडत नाही. सेट ब्रॅकेटमधून चटकन सुटत नाही. आणि परतताना सेट पाठीला नसतो तेव्हा टेकायलाच काही नसतं.

हे वर्णन कुठल्या एका बनावटीच्या गाडीचं नाही. अशा मांडणीच्या केबिनमध्ये जी मापं आणि ज्या चुका भेटतात त्या एकत्र ठेवून प्रकरण उभं केलं आहे. वाचणाऱ्याने मोजपट्टी घेऊन आपल्या गाडीत शिरावं आणि आकडे ताडून पाहावेत, एवढ्यासाठी.

आधी गादीच बदलली

‘आसन कडक आहे’ असं सगळेच म्हणत होते, म्हणून पहिला उपाय गादीचा झाला. ५० मिमी फोमच्या जागी १०० मिमी फोम बसवला. बसल्याबसल्या बरं वाटलं, पण त्रास वाढला, आणि तो का वाढला हे समजून घेण्यासारखं आहे.

ब्रॅकेट आसनाच्या चौकटीला पक्का असतो. गादी उंच झाली की माणूस वर जातो, सेट मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे खांदापट्ट्यांची वरची टोकं खांद्याच्या रेषेखाली गेली आणि हात घालायला कोपर मागे वळवून खाली न्यावं लागू लागलं. सेटचा कंबरपट्टा कंबरेवर यायचा तो मांडीच्या सांध्यावर येऊ लागला. उंचीने कमी असलेल्या जवानांचे पाय जमिनीवरून सुटले, आणि गाडीने ब्रेक मारला की पायाने तोल धरायची सोयही गेली. त्याहून वाईट गोष्ट सिलिंडरच्या झडपेची. आग विझवण्याच्या बीए सेटमध्ये सिलिंडर उलटा बसतो, झडप खाली, कंबरेच्या मागे. जाड गादीच्या मागच्या काठाला झडपेची चकती टेकू लागली. गाडी हादरत असताना ती फोमवर घासते. बंद झडप किंचित उघडून हवा गळणं किंवा उघडून ठेवलेली झडप हळूहळू मिटणं, दोन्ही होऊ शकतं. झडप अर्धवट मिटली असेल तर स्वस्थ उभं असताना काही कळत नाही; कष्टाचं काम सुरू होऊन श्वास वाढला की हवा कमी पडते.

गादी परत ५० मिमीची केली आणि मोजमाप सुरू झालं. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

मोजलं तेव्हा काय दिसलं

अशा आसनाचं माप रिकामं आसन पाहून घेता येत नाही. कोट, पँट, बूट, हातमोजे घातलेला माणूस बसवायचा. एकदा सेट ब्रॅकेटमध्ये असताना मोजायचं, एकदा नसताना. मुख्य मापं पाच: आसनाच्या पाठीत सेट बसतो त्या पोकळीची खोली आणि रुंदी, बॅकप्लेट (सेटची, जवानाच्या पाठीला लागणारी पाटी) पाठीच्या गादीच्या किती पुढे येते, बॅकप्लेटपासून गादीच्या पुढच्या काठापर्यंतचं अंतर, मांडीच्या सांध्यापासून बेल्टच्या मागच्या खुंटीपर्यंत (बेल्ट जिथे पक्का जखडलेला असतो तिथपर्यंत) आडवं आणि उभं अंतर, आणि शेजारच्या खांद्यांमधली जागा.

इथे पोकळी १७० मिमी खोल आणि तोंडाशी २७० मिमी रुंद निघाली. आसनं घेतली तेव्हा सेट ६ लिटर पोलादी सिलिंडरचे होते, व्यास साधारण १४० मिमी. पुढे सेट बदलले: ६.८ लिटर, ३०० बार दाबाचा कार्बन-कंपोझिट सिलिंडर, व्यास १६० मिमीच्या आसपास. वजनात मोठा फायदा झाला. पोलादी सिलिंडरचा सेट १५-१६ किलोच्या घरात जातो, कंपोझिटचा १०-११ किलोत बसतो. पण कंपोझिट हलका असला तरी अंगाने जाड असतो. शिवाय नव्या बॅकप्लेटला कंबरेशी जाड, फिरणारा पॅड होता आणि तिची कंबरेजवळची रुंदी ३०० मिमी होती. म्हणजे ती पोकळीत शिरतच नव्हती. दोन्ही बाजूंच्या पाठगाद्यांवर टेकून राहत होती. सिलिंडरचे २० मिमी, पॅडचे १५ आणि गाद्यांवर टेकल्यामुळे आणखी १५. एकूण ५० मिमी माणूस पुढे.

पन्नास मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. आसनावर त्यांनी कंबरदुखीची आणि बेल्ट न पुरण्याची तक्रार घडवली.

बैठकीची खोली ४०० मिमी होती. बॅकप्लेटसमोर ३५० उरली. अमेरिकेच्या एनएफपीए १९०१ या अग्निशमन वाहनांच्या मानकात (आता ते एनएफपीए १९०० मध्ये सामावलं आहे) बैठकीची किमान खोली ३८० मिमी आणि रुंदी ४६० मिमी धरलेली आहे. ती खोली आसनाच्या पाठीपर्यंत मोजतात, त्यामुळे कागदोपत्री हे आसन उत्तीर्ण होतं. शरीराला मात्र बॅकप्लेटपासूनचं अंतर भोगावं लागतं. मांडीचा पुढचा भाग अधांतरी राहिला की माणूस आपोआप घसरून बसतो. सेट पाठीच्या मध्यावर ढकलतो, कंबरेच्या खाली मागे आधार नसतो, कणा बाहेरच्या बाजूला वाकतो आणि सगळा भार माकडहाडावर येतो. लोक याला गादीचा कडकपणा म्हणत होते. कितीही मऊ फोम घातला असता तरी भार तिथेच पडला असता.

बेल्टचं गणित याहून गंभीर. कमरेच्या पट्ट्याची मागची खुंटी मांडीच्या सांध्यापासून २०० मिमी मागे आणि २५० मिमी खाली होती. पट्टा आडव्या रेषेशी साधारण ५१ अंशांचा कोन करत होता. माणूस ५० मिमी पुढे सरकला की तो कोन ४५ अंशांवर येतो, आणि माणूस घसरून बसला तर आणखी कमी होतो. पट्टा जितका आडवा, तितकी टक्करीत तो ओटीपोटावर चढण्याची आणि माणूस त्याच्याखालून पुढे घसरण्याची शक्यता जास्त. पट्टा कटिबंधाच्या हाडावर बसायला हवा. पोटावर बसलेला पट्टा आतल्या अवयवांना इजा करतो. जाड कोटाच्या घडीमुळे पट्टा नेमका कुठे बसलाय हे जवानाला जाणवतही नाही.

त्यात बेल्टची लांबी कमी. साध्या ट्रकच्या आसनाचा बेल्ट जाड कोट, खिशातला रेडिओ आणि ५० मिमी पुढे आलेलं शरीर गृहीत धरून बनवलेला नसतो. अंगाने भरलेल्या जवानाला श्वास आत ओढून बकल लावावं लागत होतं, आणि ज्याला असं करावं लागतं तो दोनचार खेपांनंतर बेल्ट लावायचं सोडून देतो. याच मानकात तीन टोकांच्या बेल्टसाठी किमान ११० इंच, म्हणजे सुमारे २७९५ मिमी पट्टी मागितली आहे, ती याच कारणासाठी. पट्टीचा रंगही ठळक लाल किंवा नारिंगी ठेवायचा असतो. त्यामुळे पुढे बसलेल्या पथकप्रमुखाला मान वळवून एका नजरेत कळतं कोणी बेल्ट लावलाय आणि कोणी नाही. काळ्या कोटावर काळा बेल्ट दिसत नाही.

चार माणसं, बावीसशे मिलिमीटर

केबिनची आतली रुंदी २२०० मिमी. चार आसनं म्हणजे प्रत्येकी ५५०. मोठ्या बांध्याच्या पुरुषाचे खांदेच ५३० ते ५५० मिमी भरतात, कोट चढवला की सहज ६०० च्या आसपास जातात. कपड्यांच्या किंवा गाड्यांच्या सर्वसाधारण लोकसंख्येच्या तक्त्यावरून अग्निशमन जवानाचं माप काढू नये. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-सुरक्षा संस्थेने ९५१ अग्निशमन जवानांची, त्यात ८६३ पुरुष आणि ८८ स्त्रियांची, शरीरमापं घेतली ती अशाच कारणाने: या कामातली माणसं सर्वसाधारण तक्त्यापेक्षा वजनदार निघतात आणि वाहनाची आसनं, बेल्ट, कपडे त्या तक्त्यांवर बेतले की तोकडे पडतात.

खांद्याला खांदा घासतो एवढ्यावर हे थांबत नाही. आसनांमधली फट ६० मिमी होती आणि बकल त्या फटीत, गादीच्या पातळीच्या खाली. हातमोजा घातलेला पंजा ११० मिमीच्या पुढे असतो. तो फटीत जात नाही. मग मोजा काढायचा, शेजाऱ्याच्या कोटाखाली चाचपडायचं, आणि शेवटी हाताला लागेल ते बकल दाबायचं. ते कधी शेजाऱ्याचं असतं, कधी स्वतःच्या सेटच्या कंबरपट्ट्याचं. ब्रॅकेट सोडायची कळही आसनाच्या डाव्या कडेला होती, म्हणजे शेजाऱ्याच्या मांडीखाली.

इथे दोन मतं होती. एक, अरुंद आसनं घेऊन चार सेट कायम ठेवायचे. दुसरं, या ओळीत सेटची आसनं तीनच करायची. दुसरं स्वीकारलं, आणि आमच्या मते अशा रुंदीच्या केबिनमध्ये दुसरा मार्ग नाही. २२०० मध्ये तीन आसनं म्हणजे प्रत्येकी ७३० मिमी. चौथं आसन चालकाच्या पाठीशी, मागे तोंड करून, सेटच्या ब्रॅकेटशिवाय. त्या जवानाचा सेट बाहेरच्या कप्प्यात. तो उतरून सेट चढवेल, त्यात थोडा वेळ जाईल. पण पहिल्या मिनिटात होज आणि पाण्याची जोडणी करणारा कोणीतरी लागतोच. ते काम या आसनाला नेमून दिलं की अडचण फारशी उरत नाही. चौघांना वाईट बसवण्यापेक्षा तिघांना नीट बसवणं बरं.

ब्रॅकेट: धरायला घट्ट, सोडायला सैल

केबिनमधला सेट हा टक्करीत उडणारा दगड आहे. ५० किमी वेगाने जाणारी गाडी ०.१ सेकंदात थांबली तर सरासरी मंदन १४ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौदा पटींच्या, आसपास जातं. एनएफपीए १९०१ ब्रॅकेटने आणि त्याच्या जोडणीने ९ जी बलात सेट धरून ठेवावा असं म्हणतं. १०.५ किलोच्या सेटसाठी हे बल ९५ किलोच्या भाराइतकं, १६ किलोच्या पोलादी सेटसाठी १४४ किलोइतकं. स्प्रिंगचे दोन चिमटे एवढं धरत नाहीत. खटक्याने अडकणारी, यांत्रिक पकड हवी आणि ती सोडायची सोय बसलेल्या माणसाच्या हाताशी हवी. मानकातही हे दोन्ही आहे.

जुने चिमटे १४० मिमी सिलिंडरसाठीचे. जाड सिलिंडर त्यात बळेच सारलेला. यातून दोन दोष आले. एक तर चिमट्याच्या उघड्या पत्र्याच्या कडा कंपोझिटच्या बाहेरच्या थराला ओरखडत होत्या. पोलादावरचा ओरखडा दिसण्यापुरता असतो, कंपोझिटचे धागे कापले गेले तर सिलिंडर तपासणीत बाद होऊ शकतो. दुसरं, ताणलेली पकड सुटताना अडकत होती. सेट सुटत नाही म्हणून जवान सगळं वजन पुढे टाकून खेचतो, त्याने खटक्यावर ताण आणखी वाढतो आणि तो अधिकच बसतो. उलट करायचं असतं: पाठ किंचित मागे दाबायची, खटक्यावरचा ताण घालवायचा, कळ ओढायची, मग उठायचं. पकड योग्य मापाची असेल तर ही युक्ती लागत नाही, पण शिकवून ठेवावी.

नव्या ब्रॅकेटची पकड सिलिंडरच्या व्यासाप्रमाणे बदलता येणारी, आतून रबराचं अस्तर असलेली, आणि उभ्या खाचांवर वरखाली सरकणारी घेतली. कळ बाजूला न ठेवता गादीच्या पुढच्या काठाखाली, दोन गुडघ्यांच्या मध्ये आणली; मोज्याची चार बोटं आत जातील अशी कडी. बेल्टच्या बकलपासून दूर, आणि आकाराने वेगळी. अंधारात, धुरकट केबिनमध्ये हातानेच फरक कळायला हवा.

आसनाचा नवा आराखडा

पोकळी २२० मिमी खोल आणि ३४० रुंद केली, म्हणजे बॅकप्लेट पूर्ण आत जाऊन तिचा कंबरपॅड पाठगादीच्या पातळीत येतो. मागची भिंत त्यासाठी सरकवता येत नव्हती, म्हणून आसनाची चौकट ५० मिमी पुढे घेतली. गुडघ्यासमोरची जागा तेवढी कमी झाली, ती चालली. गाडी नवीन मागवत असाल तर मात्र ही खोली आधीच आराखड्यात मागा. नंतर ती कुठूनतरी उसनी घ्यावी लागते.

बैठक ४६० मिमी रुंद, बॅकप्लेटपासून ४०० खोल. मागच्या काठाला मध्यभागी इंग्रजी यू आकाराची खाच, झडपेभोवती ४० मिमी मोकळी जागा राहील अशी. माणूस बसून फोम दबल्यावर ही जागा मोजायची, रिकाम्या आसनावर नाही. फोम ७० मिमी, पण मऊ नव्हे: जास्त घनतेचा, वजन गेल्यावर पटकन वर येणारा. जवान ८० किलो, कपडे-बूट-हेल्मेट १० किलो, सेट १०, वर रेडिओ आणि विजेरी. शंभर किलोच्या वर भाराखाली मऊ फोम तळाला लागतो आणि मग खालची फळीच टोचते. बैठकीचा मागचा उतार ५ अंशांच्या आत ठेवला. जास्त उतार बसायला छान वाटतो, पण पाठीवर वजन घेऊन त्यातून उठताना गुडघ्यांचा जीव निघतो.

डोक्याचा आधार हा दुर्लक्षित भाग. उठताना माणूस सरळ वर जात नाही, पुढे आणि वर असा कमानीत जातो. तेव्हा सिलिंडरचं वरचं टोक डोकेआधाराच्या खालच्या काठाला अडकतं. आधार बिजागरीचा, वर उचलला जाणारा घेतला. आणि केबिनमध्ये हेल्मेट डोक्यावर नको. त्याचा मागचा काठ आधाराला लागून मान पुढे ढकलली जाते, टक्करीत आधार कामाला येत नाही. हेल्मेट अडकवायची पक्की जागा प्रत्येक आसनाजवळ दिली नाही तर ते मांडीवर राहतं किंवा डोक्यावरच. सूचना लिहून काही होत नाही.

हवेच्या उशीवरचं सस्पेन्शन आसन घ्यावं का, हा प्रश्न इथेही आला. बसलेल्या शरीराला उभ्या दिशेतली ४ ते ८ हर्ट्झची कंपनं सर्वांत जास्त बाधतात, त्यामुळे चालकाला असं आसन द्यायलाच हवं. मागच्या ओळीचे प्रवास छोटे असतात. आणि इथे एक सापळा आहे: ब्रॅकेट केबिनच्या भिंतीला आणि आसन सस्पेन्शनवर असेल तर माणूस वरखाली होतो, सेट स्थिर राहतो, बॅकप्लेट पाठ सोलते. सस्पेन्शन घ्यायचं तर ब्रॅकेट आणि बेल्टच्या तिन्ही खुंट्या आसनाच्या हलत्या चौकटीवरच हव्यात. इथे तो खर्च टाळून आसनं स्थिर ठेवली, आणि बेल्ट मात्र आसनातच बसवलेले घेतले.

बकल ताठ दांडीवर, गादीच्या पातळीपेक्षा ९० मिमी वर आणि थोडं पुढे झुकलेलं. रुंद झालेल्या आसनामुळे ते आता कोणाच्या कोटाखाली जात नाही. बेल्टची इशारा-यंत्रणा क्रम ओळखणारी घेतली: आधी आसनावर भार, मग बकल, तरच दिवा हिरवा. नाहीतर बकल पाठीमागून लावून ठेवून त्यावर बसायची सवय लागते.

पट्टा आधी की बेल्ट आधी

हा वाद प्रत्येक केंद्रात असतो. जवानांच्या सुरक्षिततेबद्दलच्या एनएफपीए १५०० या मानकाचा (आता ते एनएफपीए १५५० मध्ये सामावलं आहे) नियम स्पष्ट आहे: गाडी चालू असताना सीटबेल्ट काढायचा किंवा सैल करायचा नाही, बीए सेट चढवण्यासाठीही नाही. मग क्रम कसा ठेवायचा?

बेल्ट आधी लावून मग सेटच्या खांदापट्ट्यांत हात घातले तर बेल्ट पट्ट्यांच्या खाली अडकतो. उतरताना बकल उघडलं तरी बेल्टची जीभ खांदापट्टीत गुंतते आणि जवान दारात लटकतो. म्हणून गाडी हलण्यापूर्वीच बसायचं, पूर्ण सैल ठेवलेल्या खांदापट्ट्यांत हात घालायचे, आणि सर्वांत वरून सीटबेल्ट. सेटचा कंबरपट्टा लावायचा नाही. त्याचं कडक बकल सीटबेल्टखाली आलं तर टक्करीत तेच पोटात रुतेल. त्याची दोन्ही टोकं बाजूंना, गादीवर मोकळी. सेट संपूर्ण प्रवासात ब्रॅकेटमध्ये अडकलेलाच राहतो. वाटेत तो सोडला तर त्याचं वजन आसनाने धरायचं ते माणसाच्या पाठीवर आणि बेल्टवर येतं.

थांबल्यावर: हँडब्रेकचा आवाज, बेल्ट सोडणं, खांदापट्ट्या आवळणं, कंबरपट्टा, कळ, उठणं. मुखवटा आणि त्याची नळी छातीवरच्या क्लिपला, कारण लोंबती नळी कळीच्या कडीत अडकते. ज्याला निघायच्या क्षणी पट्ट्यांत हात घालता आले नाहीत त्याने फक्त बेल्ट लावायचा आणि बाकीचं पोहोचल्यावर करायचं. त्यात काही सेकंद जातील. ते जाऊ द्यावेत.

खांदापट्ट्या मागे पडल्या की त्यांच्यासाठी चाचपडावं लागतं, त्यामुळे आसनाच्या दोन्ही कडांना त्या उघड्या धरून ठेवणारे हलके हुक लावले. छोटी गोष्ट आहे. बसण्यातली धांदल सर्वांत जास्त तिनेच कमी केली.

परतीचा प्रवास

आसन निवडताना सगळे जाण्याचा विचार करतात. परतताना चित्र वेगळं असतं. आगीत वापरलेला सेट काजळीने माखलेला असतो, आणि तो केबिनमध्ये परत आणायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या कामातला संपर्क पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा म्हणून, नोंदवला. स्वीडनमधल्या शेलेफ्टियो शहरातून पसरलेली स्वच्छ-केबिनची पद्धत हेच सांगते: मळलेलं साहित्य बंद पिशवीत, केबिनबाहेर. त्यामुळे वापरलेले सेट बाहेरच्या कप्प्यात जातात, आणि थकलेला जवान अशा आसनावर बसतो ज्याच्या पाठीत २२० मिमीचं भोक आहे. तो त्यात आत कोसळतो आणि पाठ वाटभर वाकलेली राहते.

म्हणून प्रत्येक पोकळीसाठी एक भरणा-पॅड: बंद पेशींचा फोम, पुसता येणारं आवरण, ब्रॅकेटच्या त्याच खटक्यात अडकणारा, म्हणजे तोही सुटा राहून उडणार नाही. जाताना तो आसनाखालच्या खणात. आसनाचं आवरण कापडी नको. जोड शिवलेले नकोत, वेल्ड केलेले हवेत. शिवणीच्या भोकांतून मळकं पाणी फोममध्ये मुरतं आणि मग आवरण कितीही पुसा, आतला फोम तसाच राहतो. गुळगुळीत आवरणावर उन्हाळ्यात घाम येतो, ही तक्रार खरी आहे; बसण्याच्या भागावर उठावाची नक्षी असलेलं घेतलं तर थोडी कमी होते. केबिनमध्ये सेट ठेवायचेच नाहीत, सगळे बाहेर, हा पर्यायही अनेक ठिकाणी निवडला जातो. गाडी बहुतेक लांब अंतरावर जात असेल तर तो चांगला आहे, आणि मग आसनं साधी, रुंद, पूर्ण पाठीची घेता येतात.

चाचणी आणि जे उरलं ते

नवी आसनं स्वीकारण्यापूर्वी केंद्रातल्या सर्वांत उंच, सर्वांत रुंद आणि सर्वांत लहान चणीच्या जवानांना पूर्ण पोशाखात, तिन्ही आसनांवर एकाच वेळी बसवलं. एकेकट्याने केलेली चाचणी निरुपयोगी असते, कारण अडचण शेजाऱ्यामुळेच येते. अट साधी: हातमोजे घालून, खाली न पाहता, १० सेकंदांत बेल्ट, एका हाताने, पहिल्याच प्रयत्नात कळ, उठताना बेल्ट, नळी, आधार काहीही न अडकणं. प्रत्येक आसनावर वीसदा. मग हेच दिवे घालवून. दारातून उतरणंही त्यात धरलं, तोंड केबिनकडे, हातापायांचे मिळून तीन टेकू कायम, कारण सेट पाठीला असताना तोल मागे जातो आणि हातदांडा खांद्याच्या वर असेल तर तो पकडायला शरीर वळवावं लागतं.

बेल्ट, कळ आणि आधार यांत अडचण आली नाही. लहान चणीच्या जवानांची पूर्ण सोय झालेली नाही. ब्रॅकेट वरखाली सरकतो खरा, पण पाळी बदलताना रोज कोणी तो सरकवत नाही. तो मधल्या खाचेवर राहतो आणि त्यांना खांदापट्ट्या उंच पडतात. मधलं आसन त्यांच्यासाठी खालच्या खाचेवर कायम ठेवून पायाखाली ५० मिमीची घडीची पायटेक दिली आहे. एकाच पाळीत असे दोन जवान असतील तर दुसऱ्याने काय करायचं, याला अजून उत्तर नाही.

देखभालीत तीन गोष्टी घातल्या. ब्रॅकेटच्या बोल्टवर रंगाची रेघ, ती सरकलेली दिसली की उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने पुन्हा आवळणं. बेल्ट दर महिन्याला शेवटपर्यंत ओढून कडा पाहणं आणि झटका देऊन कुलूप तपासणं; सेटच्या धातूच्या कड्यांनी पट्टी कुरतडली जाते, कापली असेल तर शिवायची नाही, बदलायची. आणि सेटचं मॉडेल, सिलिंडर किंवा नुसता कंबरपॅड बदलला तरी पाचही मापं नव्याने घेणं. सेट विकत घेणारे आणि गाडी विकत घेणारे बहुधा वेगवेगळ्या टेबलांवर बसतात. सेट खरेदीच्या कागदात ‘आसनात बसवून पाहिला’ असा एक रकाना वाढवला आहे. त्यावर सही झाल्याशिवाय माल स्वीकारायचा नाही.